हा पैलवान पडतो कधी?

आषाढ लागला की माझ्या टेबलावर निर्दोष माणसं येऊन पडायला लागतात. एका छोट्या दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेचं पहिलं वाचन माझ्याकडे असतं. परीक्षकांकडे गठ्ठा जाण्याआधी त्यातल्या निम्म्याअधिक कथा बाजूला काढायच्या, एवढंच काम. मानधन म्हणाल तर अंकाच्या दोन प्रती आणि चिवड्याची पिशवी. तरी मी ते सोडत नाही. आपल्या आसपासची माणसं मनातल्या मनात स्वतःला कुठं नेऊन बसवतात, हे इतक्या जवळून दुसरीकडे बघायला मिळत नाही.

नायिकेचं नाव मृण्मयी असतं, नाहीतर शाल्मली. ती सावळी असते, पण वाचकाचा गैरसमज नको म्हणून लेखक त्याच वाक्यात 'तेजस्वी' हे विशेषण उरकून घेतो. केस कमरेपर्यंत. वडील लहानपणी गेलेले किंवा दारूच्या नादी लागलेले. दहावीला बोर्डात पहिली, बारावीला पहिली, मग कलेक्टर. कलेक्टर होऊन ती स्वतःच्याच गावात येते (अशी नेमणूक कशी मिळते, हे विचारायचं नाही), पाणी आणते, जाता जाता भावाचा मोडत आलेला संसार सावरते आणि सत्काराच्या वेळी व्यासपीठावर आईला पुढं करते. सगळं गाव रडतं. मृण्मयी रडत नाही. तिच्या फक्त डोळ्यांच्या कडा पाणावतात.

कथा नाकारली की कारण लिहून ठेवावं लागतं. मी लिहिते, 'नायिका खरी वाटत नाही.' आठवड्याभरात फोन येतो. "ताई, ही खरी घडलेली गोष्ट आहे." आता यावर काय बोलणार? घडलेली असेलही. खरं घडलेलं कागदावर खोटं दिसू शकतं, हे फोनवर कुणाला पटवून देता येत नाही. मला 'खरी वाटत नाही' यापेक्षा धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

ते माझ्या भाचीनं आणून दिलं. ही पोर बारावीत आहे, इंग्रजी-जपानी मालिकांवर पोसलेली, आणि मोबाइलवर मराठीत कथा लिहिते. "मावशी, मी काय म्हणतो, तुझ्या त्या मृण्मयीला आपण टेस्ट लावूया की." (कोल्हापुरात मुली 'मी म्हणतो', 'मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) टेस्ट म्हणजे मेरी स्यू लिटमस टेस्ट. शाळेत निळा लिटमस कागद आम्लात बुडवला की तांबडा होतो, तसं इथं आपलं पात्र बुडवायचं आणि रंग बघायचा.

ही मेरी स्यू मुळात एका टिंगलीतून जन्मली. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही अंतराळातल्या जहाजाची मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षं चालली, पण तिचे चाहते पुढं कितीतरी वर्षं त्याच जहाजावरच्या नव्या कथा लिहीत राहिले आणि स्वतःच काढलेल्या हौशी अंकांतून छापत राहिले. त्यातल्या बऱ्याच कथांत एक नवीन पोरगी जहाजावर यायची आणि चार पानांत सगळ्यांना खिशात घालायची. पॉला स्मिथ या बाईंना याचा इतका वीट आला, की १९७३ मध्ये त्यांनी जेमतेम पानभर मजकुराची एक विडंबनकथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी स्यू. वय साडेपंधरा, साऱ्या ताफ्यातली सगळ्यात लहान अधिकारी. कप्तान बघताक्षणी तिच्या प्रेमात पडतो. मोठे अधिकारी आजारी पडतात तेव्हा ती एकटी जहाज चालवते, शांततेचं नोबेलसुद्धा मिळवते. मग स्वतःच आजारी पडते आणि मरते. तिच्या सौंदर्यासाठी, बुद्धीसाठी, एकूणच चांगुलपणासाठी सगळे अधिकारी ढसाढसा रडतात आणि तिचा वाढदिवस जहाजावर सुट्टीचा दिवस ठरतो.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा हसले आणि मग गठ्ठ्याकडे बघितलं. आमची मृण्मयी अंतराळात गेली नव्हती, एवढाच काय तो फरक.

पुढं इंटरनेट आलं आणि या टिंगलीची प्रश्नपत्रिका झाली. पात्राचं नाव तुमच्याच नावावरून घेतलंय का? डोळ्यांचा रंग निसर्गात न सापडणारा आहे का? आईवडील वारलेत का? इतरांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते तिला पहिल्या झटक्यात जमतं का? जुन्या कथेचा नायक तिच्या प्रेमात पडतो का? ती मरते का, आणि मेल्यावर सगळे हळहळतात का? प्रत्येक 'हो'ला गुण. शेवटाकडे उलटे प्रश्न येतात: तिचा एखादा दोष तिला कथेत खरोखर महागात पडतो का? एखाद्या भल्या माणसाला ती आवडत नाही, असं आहे का? इथं 'हो' म्हटलं की गुण वजा. बेरीज एका हद्दीपलीकडे गेली तर निकाल लागला: पात्र हाताबाहेर गेलेलं आहे, टाकून द्या किंवा मुळापासून बदला. अशा चाचण्या पुष्कळ निघाल्या, वेगवेगळ्या मालिकांसाठी वेगवेगळ्या, आणि बऱ्याच गमतीनंच लिहिलेल्या. पण मला त्यातले सगळ्यात कामाचे वाटले ते मधेच पेरलेले दोन-चार प्रश्न, जे पात्राला बाजूला ठेवून थेट लिहिणाऱ्याला विचारतात. तिला कुणी नावं ठेवली तर तुम्हाला लागतं का? तुम्हाला तिच्यासारखं व्हायचंय का?

मृण्मयीची बेरीज अर्थातच आभाळाला टेकली. भाची खूश. मला मात्र गंमत म्हणून आणखी कुणाला तरी बुडवून बघावंसं वाटलं, म्हणून आम्ही कर्णाला घेतलं.

आता कर्ण म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या वाचणाऱ्या माणसाच्या घरचाच. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली, आणि आमच्या पिढीत ती न वाचता कॉलेजात गेलेला माणूस विरळा. भाचीनं प्रश्न वाचायला सुरुवात केली. जन्म रहस्यमय? हो. बाप देव? हो, प्रत्यक्ष सूर्य. जन्मतःच अंगावर कुणाकडे नाही असं काही? कवच आणि कुंडलं. लहानपणी टाकून दिलेला? हो. खरं कूळ राजाचं, पण कुणाला माहीत नाही? हो. शाप? एक सोडून दोन. वीरमरण? हो. त्याच्या मरणावर शत्रूही रडतो? रडतो. कर्णानं मृण्मयीला केव्हाच मागं टाकलं होतं. चाचणीच्या हिशेबानं महाभारतातलं हे पात्र ताबडतोब फाडून टाकायला हवं.

"म्हणजे टेस्ट बोगस," भाची म्हणाली.

तसंही म्हणता येत नाही. हिशेब चुकला कुठं, ते बघण्यासारखं आहे. चाचणीनं कर्णाच्या अंगावरचे दागिने मोजले. त्याच्या भोवतालचं जग त्याला कसं वागवतं, ते मोजलं नाही. हा माणूस धनुर्विद्येची परीक्षा द्यायला रंगणात उतरतो आणि त्याला कूळ विचारलं जातं. घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळ काढतो. विराटाच्या गायींच्या वेळी अर्जुनाचा मार खाऊन परततो. भर सभेत द्रौपदीला नको ते बोलतो, आणि ते बोलणं मरेपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. कवच मागायला खुद्द इंद्र याचक होऊन येतो तेव्हा बाप आधीच सांगून गेलेला असतो, देऊ नकोस म्हणून. तरी देतो. ते देणं थोर आहे, मूर्खपणाचं आहे, की स्वतःच्या दातृत्वाच्या प्रेमात पडणं आहे, यावर आजही दोन माणसं तास-तास भांडतात. मृण्मयीच्या कुठल्याच कृतीवर भांडायला जागा नसते. तिच्या कथेत कलेक्टरच्या आदेशाला विरोध करणारा सरपंच असतो, पण तो पहिल्यापासून पैसे खाणारा असतो. एखादा सरळ, कष्टाळू माणूस उठून तिला म्हणत नाही, की बाई, तुमची विहीर चुकीच्या जागी चाललीय.

आपल्याकडे ही बेरजेची सवय नवी नाही. लग्न ठरवताना छत्तीसपैकी अठरा गुण जमले की पत्रिका जुळली म्हणतात, आणि अठ्ठावीस जमूनही नाडी एक निघाली की घरातलं कुणीतरी वडीलधारं मान हलवतं. एकूण आकडा तिथल्या तिथं राहतो आणि एका खान्यावर सगळं अडतं. कथेचंही मला तसंच वाटायला लागलंय. डोळे, केस, नोबेल हे सगळे गुण मोजा खुशाल. पण एक खाना असा आहे की तिथं शून्य मिळालं तर बाकीच्या बेरजेला अर्थ राहत नाही. या पात्राला कथेतलं एखादं शहाणं माणूस 'नाही' म्हणतं का?

कोल्हापुरात बसून या विषयावर लिहायचं आणि खांडेकर-फडके टाळायचे, हे जमणार नाही. दोघंही याच गावात राहिलेले. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक; वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून इथं आले आणि इथलेच झाले. एकाचं म्हणणं कला कलेसाठी, दुसऱ्याचं जीवनासाठी. अख्खा महाराष्ट्र या दोन बाजूंत वाटला गेला होता. पण चाचणी हातात घेऊन बघितलं तर दोघांच्या नायकांना सारखेच भरघोस गुण पडतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांवर. फडक्यांचा नायक देखणा, खाऊनपिऊन सुखी, बोलण्यात चतुर. तो रूप आणि प्रेम या खान्यांत पुढं जातो. खांडेकरांचा नायक ध्येयवादी, गरिबांसाठी झुरणारा, सुखावर पाणी सोडणारा; तो त्यागाच्या खान्यात. माझी आई खांडेकरांची भक्त. तिच्यासमोर मी हे कधी बोलले नाही.

आणि गंमत अशी, की खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं ते 'ययाति'साठी, म्हणजे १९५९ मध्ये आलेल्या त्या कादंबरीसाठी जिचा नायक कामातुर आहे, दुबळा आहे, स्वतःचं म्हातारपण पोराच्या अंगावर टाकतो. त्याच कादंबरीत कचही आहे. संयमी, क्षमाशील, सगळं समजून घेणारा. चाचणी लावली तर कच सरळ गळाला लागेल. मी ती कादंबरी वेगवेगळ्या वयांत वाचली आहे आणि कचाची पत्रं दर वेळी जरा भरभर उलटली आहेत. ययातीपाशी मात्र थांबते. त्याची चीड येते, नंतर स्वतःचीही थोडी येते, कारण त्याची काही वाक्यं आपण मनात म्हटलेली असतात.

आता पुरुष नायकांकडे येते, कारण गठ्ठ्यात तेही असतात. कोल्हापुरात कथास्पर्धा म्हटल्यावर तांबड्या मातीची एक तरी कथा येणारच. गेल्या खेपेच्या गठ्ठ्यात एक आली होती. नायक तालमीतला पैलवान. उंच, गोरा, पिळदार, वर संस्कृत श्लोक पाठ, आईच्या पाया पडल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. खासबाग मैदानात उतरतो, पंजाबचा मल्ल समोर, पहिल्या दोन मिनिटांत पट काढून चितपट. मग दुसरा मल्ल. मग तिसरा. भाषा बरी होती. मातीत ताक, तेल, लिंबू, हळद कालवतात त्याचा वास चांगला उतरला होता. मी अडखळले ते एका वाक्यावर: "त्याच्या रेखीव कानांमागून घामाची धार ओघळली."

रेखीव कान! माझ्या माहेरच्या गल्लीत तालीम होती. तिथल्या एका जुन्या वस्तादांकडे मी ती पानं घेऊन गेले, डावांची नावं बरोबर आहेत का ते विचारायला. चष्मा नाकावर ओढून त्यांनी दोन पानं वाचली. डावांबद्दल काही बोलले नाहीत. स्वतःच्या कानाला हात लावला. वर्षानुवर्षं समोरच्याच्या डोक्याला घासून, दाबून कानात रक्त साकळतं, कूर्चा आकसते, आणि कान मोडून मुठीसारखा घट्ट गोळा होऊन बसतो. तालमीत घासलेला पैलवान लांबूनही ओळखू येतो तो यावरून. "कान मोडला न्हाई म्हंजे हा कुणासंगं लढलाच न्हाई," म्हणाले. मग पानं परत देत विचारलं, "आनि ह्यो पडतो कधी?"

मी म्हटलं, पडत नाही.

"मग गोष्ट कशाची लिवलीया?"

वस्तादांना मेरी स्यू माहीत असायचं कारण नाही. त्यांनी शंभर प्रश्नांची चाचणी दोन प्रश्नांत उरकली. तालमीतल्या बोलण्याकडे कान दिला तर तिथं जिंकलेल्या कुस्त्या एका वाक्यात संपतात. हरलेली कुस्ती मात्र तासभर चालते. आदल्या रात्री काय खाल्लं होतं, पंचानं शिट्टी कधी वाजवली, पाय नेमका कुठं घसरला, समोरचा आधी कसा थकल्यासारखा दाखवत होता, घरी गेल्यावर बाप काय बोलला. त्या कथाकारालाही हे माहीत असणार, तो त्याच गावचा आहे. पण कागद समोर आला की त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, की कान मोडा आणि एक कुस्ती हरू द्या. तो म्हणाला, "ताई, कान मोडतो, पण हरवायचं जिवावर येतंय." हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटलं. 'तिला कुणी नावं ठेवली तर तुम्हाला लागतं का' या प्रश्नाला याहून स्वच्छ 'हो' कोण देईल?

इथं भाचीनं मला एका गोष्टीवरून धारेवर धरलं, आणि तिचं म्हणणं मांडायलाच हवं. चाचणीला नाव बाईचं का? अंतराळ जहाज वाचवणारी साडेपंधरा वर्षांची पोरगी हास्यास्पद ठरते. मग कुठल्याही भाषेतला एकहाती शंभर जणांना लोळवणारा, गाणारा, नाचणारा, आईसाठी जीव टाकणारा नायक नुसता 'हिरो' कसा? पुढं त्याच 'स्टार ट्रेक'च्या १९८७ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत वेस्ली नावाचा एक हुशार किशोर आला, जो मोठ्यांना न सुटलेल्या अडचणी सोडवायचा. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचं मधलं नाव वेस्ली. चाचणीचा पहिलाच प्रश्न! प्रेक्षकांनी त्या पोरावर टीका भरपूर केली, पण म्हणून कुणी 'वेस्ली टेस्ट' काढली नाही. ज्या मुलींनी नुकतंच लिहायला घेतलं होतं, त्यांच्या हातात मात्र ही प्रश्नपत्रिका गेली. त्यातल्या काही जणींनी मग आपल्या कथेत धड बाईच येऊ दिली नाही, न जाणो मेरी स्यू निघाली तर, असं भाची सांगते. मला ते सहज खरं वाटतं.

तिच्या या बोलण्यातून माझ्या डोक्यात जे आलं ते वेगळंच होतं. आपल्याकडची सगळ्यात निर्दोष बाई या चाचणीत सापडतच नाही. रोज संध्याकाळी घरोघरी टीव्हीवर दिसणारी सोशिक सून घ्या. डोळ्यांचा रंग साधा. अंगी कसली शक्ती नाही, नोबेल नाही, जहाज नाही. उलट ती सारखी हरते. तिच्यावर आळ येतो, तिचे दागिने चोरीला जातात, तिला घराबाहेर काढतात, आणि ती उंबऱ्यावरून आत बघत सगळ्यांसाठी प्रार्थना करते. चाचणी तिला पास करेल, शाबासकीसुद्धा देईल: पात्राला पुरेशा अडचणी आहेत! आणि तरी तिच्याइतकं आदर्श, तिच्याइतकं अशक्य दुसरं कुणी नाही. तिला राग येत नाही. आला तरी चुकीच्या माणसावर निघत नाही. तिला कधी सगळ्यांच्या आधी भूक लागत नाही. मोठ्या पातेल्यातला रस्सा सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाला काय उरलं, आणि उरलं नाही तेव्हा तिच्या तोंडून काय निघालं, हे आपल्याला कधीच कळत नाही.

पॉला स्मिथच्या भोवतालच्या पोरी अधिकाराची स्वप्नं बघत होत्या. सगळ्यात लहान वयाच्या लेफ्टनंटचं स्वप्न. म्हणून त्यांची चाचणी पदकं मोजते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाईला मोठेपण मिळालं ते सोसण्यातून, तेव्हा आपली मेरी स्यू सोसण्यात पहिली येते. खांडेकरांच्या त्यागी नायकांना मी मघाशी गुण दिले खरे, पण ते खातं मी पदरचं उघडलं होतं. मूळ चाचणीत त्यागाला फारसा भाव नाही. मग मी गठ्ठ्यासाठी माझे काही प्रश्न करून ठेवले. ती कधी खोटं बोलते का, आणि ते स्वतःच्या सोयीसाठी असतं का? तिनं कुणाला माफ केलं नाही, असं एखादं माणूस आहे का? ती जेवते का? कथेतलं वाईट माणूस एखाद्या तरी मुद्द्यावर बरोबर असतं का? यांना मी गुण देत नाही. नुसते समासात पेन्सिलीनं लिहिते.

आणि हे प्रश्न लेखकाला पाठवले की फोनवरचं भांडण कमी होतं, हा अगदी व्यवहारी फायदा. आपल्याकडे तोंडावर कुणी कथेला वाईट म्हणत नाही. "छान झालीय" म्हणतात आणि चहा सांगतात. ज्यांना खरोखर सांगावंसं वाटतं ते इतक्या जोरात सांगतात की लिहिणारा वर्षभर पेन धरत नाही. प्रश्नाला चेहरा नसतो, त्याचा राग धरता येत नाही. रात्री एकट्यानं, कुणी बघत नसताना उत्तर द्यायचं असतं, आणि एखाद्या प्रश्नावर पेन अडलं तर का अडलं, ते लिहिणाऱ्याचं त्याला कळतं. बेरीज नाही केली तरी चालते. खरं तर करूच नये, कारण बेरीज केली की लोक आकडा खाली आणायच्या मागं लागतात. नायिकेला एक वेंधळेपणा चिकटवतात: ती सारखी किल्ल्या विसरते. झाला दोष! त्या विसरलेल्या किल्ल्यांमुळे पुढच्या वीस पानांत कुणाचंही काही बिघडत नाही, उलट नायक हसून म्हणतो, "वेडीच आहेस."

पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोरांना मी ही चाचणी देत नाही, तेही सांगते. पहिली गोष्ट माणूस स्वतःच्या स्वप्नावरच लिहितो, त्याशिवाय रात्री बारापर्यंत जागून कोण लिहील? साडेपंधराव्या वर्षी जहाज चालवावंसं वाटलंच पाहिजे. एकदा गोष्ट पुरी होऊ दे, चार महिने पडून राहू दे. मग प्रश्न.

भाचीनं तिच्या स्वतःच्या नायिकेला चाचणी लावली ती अशीच, पुष्कळ भाग लिहून झाल्यावर. नायिकेचं नाव इरा. हिरवे डोळे, बेपत्ता वडील, वडिलांची बुलेट, गिटार, आणि इंजिनिअरिंगच्या सगळ्या विषयांत पहिली. आकडा बघून पोरीचं तोंड उतरलं. दोन दिवसांत तिनं हिरवे डोळे काढले, गिटार काढली, एका विषयात नापास केलं. आकडा झपकन खाली आला. मला वाचायला दिलं. गोष्ट तसूभरही बदलली नव्हती, कारण इरा जे म्हणेल ते अजूनही सगळ्यांना पटत होतं. बुलेट मात्र तिनं काढली नाही. म्हणाली, "ती काढली तर मी लिहूच शकत नाही." ते मला पटलं, ठेव म्हटलं.

मग मी तिला बेरीज बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, या घरात आणखी कोण राहतं? एक आजी होती. तिला अख्ख्या गोष्टीत एकच वाक्य, तेही तीनदा: "माझी गुणाची पोर ती." आजी काय करते, तिच्याकडे पैसे किती, मुलगा बेपत्ता झाल्यावर तिनं घर कसं चालवलं, याचा पत्ता नाही. मी म्हटलं, या आजीला ती बुलेट दारात उभी असलेली रोज दिसते. तिला काय वाटत असेल?

त्यावर तिनं बरेच दिवस काही दाखवलं नाही. परवा रंकाळ्यावर भेळ खाताना एकदम म्हणाली, आजीनं आता बुलेट विकायला काढलीय. गिऱ्हाईक पण आणलंय, गडहिंग्लजचं. इरा भांडाय लागलीय, पण घराचे हप्ते थकलेत, आणि ज्या माणसानं ती गाडी घेतली होती त्यानं हप्ते भरायचे सोडून गाडीच घेतली होती, हे आजीनं पहिल्यांदाच सांगितलंय.

"मग? पुढं काय होतं?"

"तेच कळंना झालंय. आधी इरा बरोबर हाय असं धरूनच लिहालो होतो. आता मला आजीचंच खरं वाटालंय. लई डोक्याला ताप करून ठिवलास मावशी." आणि शेवाची पुडी माझ्या हातात देऊन ती चिंच जास्त घालायला सांगायला भेळवाल्याकडे परत गेली.